काचेखालची दोन माणसं

श्यामलाल बोपचे आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक तट्ट्याचं कुंपण आहे आणि ये-जा करून त्याला पडलेलं एक खिंडार. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी त्यांची ओळख करून दिली ती अशी : "हे काकाजी विमानात होते." मला वाटलं, विमान चालवायचे. तसं मी बोलूनही गेले. काकाजी हसले. म्हणाले, "चालवत नव्हतो वं पोरी. धुवत होतो."

एवढंच सांगायचे ते. कोवळ्या वयात नागपूरला भरतीत उभे राहिले, वायुसेनेत लागले. दक्षिणेकडे कुठेतरी वैमानिक घडवण्याचं केंद्र होतं, तिथे मेकॅनिक होते. मुदत संपल्यावर परत आले आणि चोरखमाऱ्याच्या तलावाखालची वडलांची धानाची शेती हाती घेतली. गावातल्या लोकांना त्यांच्याकडून लढाईच्या गोष्टी ऐकायच्या असत. "एकाहत्तरच्या लढाईत तुमी का केलं जी?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "पान्हे धुंडले." आणि उठून धानाच्या बांधीवर निघून जात.

पण शेती त्यांनी केली ती विमानाच्या मेकॅनिकसारखीच. मोटारपंप सुरू करायच्या आधी हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती एक चक्कर मारायचे. धान उडवायचा पंखा चालू असला की त्याच्या समोरून कोणी गेलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा माझ्या नवऱ्याला दंडाला धरून असं मागे ओढलं होतं की त्याच्या सदऱ्याची बाही फाटली. नखं मात्र नेहमी स्वच्छ. चिखलात राबणाऱ्या माणसाची नखं इतकी स्वच्छ मी दुसरी पाहिली नाहीत.

त्यांना मित्र असा एकच. दरेकशाचे जंगलू मडावी. तेही वायुसेनेत होते, त्याच केंद्रावर, आग विझवायच्या गाडीवर. दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की जंगलूभाऊ पाहुणे यायचे, येताना चारोळ्या आणायचे. दोघं तलावाच्या पाळीवर जाऊन बसत. मी एकदा चहा घेऊन गेले तर दोघं पाण्याकडे तोंड करून बसलेले, बोलणं काही नाही. मी कप परत न्यायला गेले तेव्हाही तसेच.

दोन वर्षांपूर्वी, धानाचं चुरणे, म्हणजे मळणी, चालू असताना, काकाजी खळ्यावरच कोसळले. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, नंदाकाकूंना, समजावून सांगितलं की त्यांना ऐकू येतं, बरंचसं समजतंही, पण शब्द हाताशी येत नाहीत. आणि हो आणि नाही यांची अदलाबदल होते, तेव्हा मान हलवली म्हणून त्यावर विसंबू नका.

त्या शेवटच्या गोष्टीनं काकूंना फार छळलं. सकाळी कुंपणापलीकडून मला त्यांचा आवाज यायचा. "का पाहिजे जी? पाणी? पाणी नाई? मग पंखा लावू? मुताले लागली का? कूस बदलू?" काकाजी प्रत्येकाला मान डोलावायचे. काकू पाणी द्यायच्या, ते तोंड फिरवायचे. भांडं लावायच्या, ते रागानं लोटून द्यायचे. मग घशातून एक आवाज काढायचे, "आं... आं...", आणि डाव्या हातानं खाटेच्या माच्यावर थापा मारायचे. शेवटी दोघंही थकायचे. काकू छपरीच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि मला म्हणायच्या, "एवढी वर्सं संसार केला, आन् आता त्याहिले का पाहिजे ते मले समजून नाई राहिलं."

त्यांना दोन मुलं. नूतन गोंदियाला दिलेली, तिथेच शाळेत शिकवते. मुलगा हिमांशू पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात. तो वडलांवर जीव टाकणारा. फोनवर वडलांशी बोलता येत नाही याचा त्याला त्रास व्हायचा. तो इकडून बोलत राहायचा आणि पडद्यावर काकाजींचं अर्धं तोंड नुसतं दिसायचं. काहीतरी करावं म्हणून त्यानं शोधाशोध केली आणि होळीनंतर एक खोकं घरी आलं.

खोक्यात विमान होतं. वीतभरही नसेल, पण हातात घेतलं तर जड, पोलादी. पिवळे पंख, पोटाखाली दोन चाकं, नाकावर फिरणारा पंखा. हार्वर्ड म्हणतात त्याला. नव्या वैमानिकांना उडायला शिकवायचं जुनं विमान, काकाजींनी तरुणपणी ज्यांची देखभाल केली तेच. हौशी लोक अशी हुबेहूब लहान विमानं जमवतात म्हणे, आणि परदेशातली एक कंपनी ती मोजकीच काढते. पंखांवरचं वायुसेनेच्या खुणेचं चक्र आपल्याकडचं नव्हतं. "आपलं चक्र असलेलं मिळालंच नाही आई," हिमांशू फोनवर म्हणाला, "पण बाकी सगळं तेच आहे. आतली माणसंसुद्धा." खरंच, पाठीवर लांबट काच होती आणि काचेच्या आत एकामागे एक दोन माणसं बसलेली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, पट्टे बांधलेली.

काकूंनी ते काकाजींच्या मांडीवर ठेवलं. मी तिथेच होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी नाकावरचा पंखा फिरवला. पुन्हा फिरवला. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

फोनवर हिमांशूही रडत होता. "आवडलं का बाबा? आवडलं?" काकाजींनी मान डोलावली. त्यानं तो क्षण टिपून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. नूतननं लिहिलं, बाबा किती दिवसांनी खूश दिसले.

काकू मला म्हणाल्या, "खूश आहेत का वं?" मी म्हटलं, "असतील ना काकू."

पहिले काही दिवस बरे गेले. विमान मांडीवर घेऊन ते शांत बसायचे, चाकं फिरवायचे, जेवायचे. मग एके सकाळी काकूंनी मला हाक मारली. त्यांच्या हाकेत काहीतरी होतं म्हणून मी ओल्या हातानं गेले. काकाजींनी विमान चादरीवर पालथं ठेवलं होतं. चाकं वर, काच खाली. आणि अंगठ्याचं नख काचेच्या कडेखाली घालून ते उचकटत होते. तोंडानं श्वास चाललेला, कपाळावर घाम.

"सकाळपासून हेच करून राहिले," काकू म्हणाल्या. "सरळ करून देतो तं पुन्हा पालथं घालतात."

मी विमान सरळ केलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. पुन्हा पालथं केलं आणि पुन्हा नख.

दुपारपर्यंत नख फाटलं. चादरीला रक्त लागलं. काकूंनी विमान काढून घेतलं आणि धान्याच्या कोठीमागे लपवलं. तेव्हा काकाजी ओरडले. त्यांच्या गळ्यातून तसा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, निर्जीव पाय तसाच राहिला आणि ते खाटेवरून खाली आले. माझ्या नवऱ्यानं आणि काकूंनी मिळून त्यांना उचललं. विमान परत हातात दिलं तेव्हाच ओरडणं थांबलं. आणि अंगठा पुन्हा काचेवर गेला.

त्यानंतरचे दिवस तसेच. विमान दिलं तर हात रक्ताळायचा, काढलं तर माणूस वेडापिसा व्हायचा. तिरोड्याच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी काकाजी दिवसभर गुंगीत राहायचे आणि गुंगीतही अंगठा हलत राहायचा. नूतन येऊन गेली. तिनं वडलांचे गाल धरून विचारलं, "बाबा, विमान बिघडलं आहे का? दुरुस्त करायचं आहे का?" त्यांनी मान डोलावली. ती आनंदली. पेचकस घेऊन चाकं काढली, परत बसवली, पंख्याला तेल लावलं. "आता झालं?" त्यांनी मान डोलावली आणि विमान तिच्या हातातून ओढून पालथं घातलं.

हिमांशूला कळवलं तर तो म्हणाला, "आई, त्यांना सरळ धरायला सांग ना. काच तुटली तर पुन्हा मिळणार नाही ते." मग त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं असावं. म्हणाला, "मी काय करू, सांग ना. येऊ का?" काकू म्हणाल्या, "येऊन का करशील बेटा? मी इथीच आहो, मले तरी का करता येऊन राहिलं?"

जंगलूभाऊंचं नाव काकूंनाच सुचलं. मंडईला ते तीनेक वर्षांत आले नव्हते, गुडघे गेले होते. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. काकू म्हणाल्या, "विमानातलं जे काई असंल ते त्याहिले ठाऊक असंल. मी जाऊन येतो. तू येशील संगं?" नूतन एक दिवसासाठी वडलांजवळ राहिली आणि आम्ही दोघी निघालो. तिरोड्याहून गोंदिया, तिथून डोंगरगडकडे जाणारी गाडी. दरेकशाला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. स्टेशनाच्या मागून जंगल सुरू होतं. जंगलूभाऊंच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. सून फुलं परतत होती. तिनं सासऱ्यांना हात धरून बाहेर आणलं.

काकूंनी फोनमध्ये घेतलेलं दाखवलं : चादर, पालथं विमान, काकाजींचा अंगठा.

जंगलूभाऊंनी फोन डोळ्यांजवळ धरला. बघितलं आणि फोन परत दिला. मग म्हणाले, "हे त्याले कोणी देलं?"

"पोरानं पाठवलं. चांगल्यासाठी पाठवलं जी," काकूंना ओरडून सांगावं लागलं.

"त्यानं तुले कधी काई सांगितलं नाई, वहिनी?"

काकूंनी मान हलवली.

"मलेही नाई बोलला तो त्याच्यावर. आमी दोघं तिथी होतो, तरीबी."

मग त्यांनी सांगितलं. तुटक, थांबत, मधेच सुनेला पाणी मागत. पाऊस होऊन गेला होता. धावपट्टीच्या बाजूची माती मऊ झालेली. एक शिकाऊ विमान उतरलं आणि उतरल्यावर एका अंगाला ओढलं गेलं. पट्टी सोडून मातीत घुसलं, चाकं रुतली आणि पालथं पडलं.

"त्या विमानाले वरतून काच राहते," ते म्हणाले. "माणसं तिथूनच आत जातात, तिथूनच बाहेर येतात. दुसरं दार नाई. विमान पालथं पडलं, तं काच खाली गेली. मातीत गडली. समजलं?"

काकूंना समजलं होतं. त्यांनी पदर तोंडावर धरला होता.

आत दोघं होते. पुढे शिकणारा पोरगा, मागे शिकवणारे साहेब. सगळ्यात जवळ काकाजी होते. आगीची गाडी पोचेपर्यंत त्यांनी हातांनी माती उकरून मागच्या काचेपर्यंत वाट केली होती. साहेबांना त्यांनीच ओढून काढलं; साहेब वाचले. पुढच्या पोराची काच फ्रेमसकट वाकून अडकली होती. तो पट्ट्यांत उलटा लोंबकळत होता.

"जिता होता?" काकूंनी विचारलं.

"आं?"

"तो पोरगा! जिता होता का?" काकू ओरडल्या. मोहफुलं परतणारी सून थांबली. शेजारच्या अंगणातली बाई आमच्याकडे बघायला लागली.

"जिता होता. बोलत होता. 'भैया, जल्दी. भैया, जल्दी.' एवढंच. बोपचे त्याले म्हणे, 'बस, हो गया. बस, हो गया.' अंगठ्यानं काचेची कड उचकटून राहिला होता. हत्यार आणाले आमचा एक गडी पळाला होता, पण तेवढा दम कोणाले! पेट्रोल टपकत होतं. मग आग लागली."

जंगलूभाऊ पाणी प्यायले.

"मी त्याले कमरेतून धरलं आन् ओढलं. तो माह्या हाताले चावला. मी सोडलं नाई. सोडलं असतं तं दोघंही गेले असते."

चौकशी झाली. दोष कोणाचाच निघाला नाही, माती ओली होती एवढंच. काकाजी काही आठवडे दवाखान्यात होते, मग कामावर आले आणि दुसऱ्या विमानांना पान्हे लावायला लागले.

"त्याच्यानंतर दरवर्सी मी तुमच्या गावाले येत होतो, वहिनी. मंडई पाहाले नाई. मी वाट पाहून राहिलो होतो का कधीतरी तो म्हणंल, जंगल्या, तू बरोबर केलं. नाई तं म्हणंल, तू चूक केलं. मले दोन्ही चालत होतं. आता तं त्याची वाचाच गेली म्हणता."

परतीच्या गाडीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. सालेकशाच्या पुढे गेल्यावर एकदम म्हणाल्या, "होळी पेटली का हा माणूस घरी राहत नव्हता. दरवर्सी काई ना काई काम काढून भंडाऱ्याले जात होता. मी भांडत होतो, सणाच्या दिवशी कायले जाता म्हणून." गोंदियाच्या स्टेशनावर उतरताना त्यांनी मला विचारलं, "त्या पोराचं नाव नाई विचारलं ना आपण?" मी म्हटलं, नाही विचारलं.

चार दिवसांनी जंगलूभाऊ स्वतःच आले. मुलगा घेऊन आला, दोन ठिकाणी गाडी बदलून, शेवटी ऑटोत घालून. छपरीत खाटेशेजारी खुर्ची ठेवली. काकाजींनी त्यांच्याकडे बघितलं. ओळखलं, यात शंका नाही, कारण त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी पालथं विमान जंगलूभाऊंकडे सरकवलं आणि "आं... आं..." केलं. दे हात, लवकर, असं म्हणावं तसं. त्या दिवशी त्यांना काय हवं आहे ते आम्हा सगळ्यांना समजलं, आणि समजून कोणालाच काही करता येईना.

जंगलूभाऊ मोठ्यानं म्हणाले, "बोपचे, तो गेला. तवाच गेला. आता नाई निघत तो."

काकाजींनी त्यांच्या छातीत ठोसा मारला. डाव्या हाताचा, अशक्त. पुन्हा मारला. जंगलूभाऊंनी खाऊन घेतला. मुलगा पुढे झाला तर त्याला हातानं थांबवलं.

"मले एक पेचकस द्या," ते काकूंना म्हणाले.

मी आतून पेचकस आणला. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं की हेच करायला हवं होतं, आधीच का सुचलं नाही. जंगलूभाऊंच्या मुलानं विमान घट्ट धरलं. जंगलूभाऊंनी काचेच्या कडेखाली टोक घातलं, जोर दिला. काच टचकन उडाली आणि चादरीवर पडली. मग त्यांनी पुढचा माणूस आणि मागचा माणूस, दोन्ही टोकरून काढले आणि काकाजींच्या तळहातावर ठेवले.

"घे. निघाले. दोघंही निघाले. पाह्य."

काकूंनी हात जोडले होते. नेमक्या कोणाला, माहीत नाही.

काकाजींनी तळहात डोळ्यांजवळ नेला. त्या दोन प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना तोंडं नव्हती, नुसता एक गुलाबी ठिपका. मग तळहात उलटा केला, त्या खाली पडल्या, आणि त्यांनी विमान पुन्हा पालथं घातलं. जिथे काच होती तिथे आता भोक होतं. अंगठा त्या भोकाच्या कडेला लागला आणि उचकटायला लागला.

जंगलूभाऊ उठले. छपरीच्या खांबाला धरून उभे राहिले. म्हणाले, "मी आता जातो वहिनी." काकूंनी जेवायचा आग्रह केला. ते थांबले नाहीत. ऑटोत बसताना त्यांनी वळून खाटेकडे बघितलं, पण काकाजींचं लक्ष विमानातच होतं.

हिमांशूला काच फोडल्याचं नूतननं सांगितलं. तो आधी चिडला. मग तिनं सगळं सांगितलं. "मला काय माहीत होतं ताई," तो म्हणाला. त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. लगेच सुटी काढून आला. वडलांच्या पायाशी बसून राहिला आणि चार-पाच दिवसांनी परत गेला. जाताना विमान नेऊ का असं त्यानं आईला विचारलं. काकू म्हणाल्या, "नको. दोन्हीकडून आता सारखंच आहे."

त्यांनी एक रीत बसवून घेतली. सकाळी काकाजींच्या अंगठ्याला फडकं गुंडाळायच्या, त्यावर चिकटपट्टी. मग विमान द्यायच्या आणि समोर पाटावर बसून भाजी निवडायच्या. कधी काकाजी फारच घाबरे झाले की त्या हळूच म्हणायच्या, "बस, हो गया. बस, हो गया." ते ऐकून काकाजी शांत व्हायचे असं नाही. मी विचारलं, मग काऊन म्हणता? तर म्हणाल्या, "दुसरं का म्हणू?"

रोवणी आटोपली, धान लागलं, आणि श्रावणात काकाजींना दुसरा झटका आला. लहानसा होता. डॉक्टर म्हणाले, फार काही गेलं नाही. घरी आणल्यावर काकूंनी अंगठ्याला फडकं बांधलं, विमान मांडीवर ठेवलं. काकाजींनी ते धरलंच नाही. मांडीवरून घसरून खाली पडलं, एक चाक वाकलं. काकूंनी उचलून पुन्हा ठेवलं. ते भिंतीकडे बघत राहिले.

येणारे-जाणारे म्हणायला लागले, आता शांत झाले बुवा, बरं झालं, तुमचाही त्रास वाचला. काकू मान डोलवायच्या. पण रोज सकाळी विमान एकदा त्यांच्या हातात देऊन बघायच्या. पंखा फिरवून दाखवायच्या. पालथंसुद्धा घालून दाखवलं एकदा, मी स्वतः बघितलं. "पाहा ना जी. हे पाहा ना." बोटं उघडी राहायची. नंतर ते टीव्हीशेजारच्या फळीवर गेलं. आतली दोन माणसं काकूंनी वाटीत ठेवली होती. एकदा झाडताना वाटी कलंडली, एक सापडला, दुसरा केरात गेला असावा.

सर्वपित्रीला नूतन आली होती. मी मदतीला गेले. काकूंनी वडे, भात, कढी, भोपळ्याची भाजी केली. सासू-सासऱ्यांचं पान वाढलं, आपल्या आईवडलांचं वाढलं, आणि पळसाची आणखी एक पत्रावळ पुढे ओढली.

"हे कोणाचं, आई?" नूतननं विचारलं.

"एका पोराचं."

"कोणत्या?"

"नाव ठाऊक नाई," काकू म्हणाल्या. "त्याच्या मायले तरी ठाऊक असंल. ती कुठी असंल, जिती असंल का नाई..." त्यांनी पानात वाढलं, पाणी फिरवलं आणि पान उचलून कौलावर ठेवायला माझ्या नवऱ्याकडे दिलं. नूतननं पदरानं डोळे पुसले आणि कढईतला शेवटचा घाणा काढला.

मग काकूंनी वाटीत भात-कढी कालवली आणि काकाजींना भरवायला बसल्या. अलीकडे त्यांना घास तोंडात गेला तरी गिळायचं लक्षात राहत नाही. गालातच धरून ठेवतात. काकूंनी घास दिला, बोटानं त्यांची हनुवटी वर केली आणि वाट बघत थांबल्या.

"गिळा जी," त्या म्हणाल्या. "गिळा."

अंगणात कावळे ओरडत होते. काकाजी समोर बघत होते, गाल फुगलेला. काकूंनी दुसरा घास हातात धरून ठेवला.